शेवटच्या बाकावरची नर्सकाकू

अन्याय झाला तो आमच्या नर्सकाकूवर. १९९७च्या ईस्टरच्या रविवारी, शहापूरजवळच्या मिशनच्या छोट्या चर्चमध्ये, सकाळची मिस्सा, म्हणजे रविवारचा उपासनाविधी, संपत आली असताना. भरल्या चर्चमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिला चोर ठरवलं गेलं. ठरवणारे चर्च कमिटीवरचे एक अंकल होते. आणि त्यांच्या तोंडी तो शब्द येण्याची सोय मी करून दिली होती. म्हणजे आरोपी दोन. चळवळीची पत्रकं लिहीत मी मोठी झाले. कोणावर, कधी आणि कोणी, हे पहिल्या परिच्छेदातच सांगून मोकळं व्हायचं, ही तिथली शिस्त. ती पाळली. आता काकूबद्दल लिहिते.

नर्सकाकू म्हणजे माझ्या सख्ख्या काकांची बायको. काका जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, आम्ही सापगावच्या बौद्धवाडीतले. ती वसईकडची कॅथलिक, सरकारी उपकेंद्रात नर्स. रविवारी सकाळी ती चहा पीत नसे, ही तिची मला आठवणारी पहिली गोष्ट. बाकीचे सहा दिवस चहाशिवाय तिचं पान हलायचं नाही. रविवारी मात्र आम्हा सगळ्यांच्या कपांत ओतून द्यायची, पदराला हात पुसायची आणि तशीच चालत शहापूरच्या रस्त्याला लागायची. सुट्टी असली की मीही तिच्यामागे जायचे. पुढे कळलं की ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी तासभर पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही, असा कॅथलिकांचा नियम आहे. पण काकू तर प्रसाद घ्यायचीच नाही. सगळं चर्च रांग लावून वेदीकडे जायचं आणि ती शेवटच्या बाकाशी गुडघे टेकून तशीच राहायची. मग हा उपास कशाला, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “प्रसाद नाय तर नाय. भूक तरी सगळ्यांच्या बरोबरीनं लागू दे.”

ती प्रसाद का घेत नव्हती, तेही सरळ सांगते, कारण आमच्या वाडीत यावर बरेच तर्क चालत. काका-काकूंनी १९८२ साली ठाण्याला रजिस्टर लग्न केलं. कॅथलिक माणसाने चर्चची परवानगी न घेता असं लग्न केलं, तर चर्चच्या लेखी ते लग्नच नसतं. आणि जे लग्न चर्च मानत नाही त्यात जो नांदतो, त्याने प्रसाद घ्यायचा नसतो. प्रसाद म्हणजे दिसायला पांढरी पातळ चकती. पण त्या लोकांची श्रद्धा अशी की फादरांनी वेदीवर शब्द उच्चारले की ती भाकर राहत नाही, ती येशूचं शरीर होते. आठवण म्हणून नाही, खूण म्हणून नाही, खरंच शरीर. काकूचीही हीच श्रद्धा होती. ती नसती, तर तिचं दुःखही नसतं.

लग्नानंतर पहिल्याच रविवारी ती या चर्चमध्ये गेली, तेव्हा दारातच त्या अंकलनी तिला विचारलं होतं, नवरा कोण, लग्न कुठे झालं. ऐकून म्हणाले, आधी नवऱ्याला बाप्तिस्मा घ्यायला सांगा, मग बघू. तोवर मागे बसा. काकू मागे बसली. घरी येऊन काकांना सांगितलं. काका म्हणाले, “आमच्या बापानं छप्पन साली एकदा धर्म बदलला. तो आमाला पुरेल. पुन्हा नाय.” काकू म्हणाली, मी कुठे मागितलंय. विषय संपला. पंधरा वर्षांसाठी संपला.

ही दोघं भेटली ती मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याला. काका तिथल्या शाळेवर, ती तिथल्या उपकेंद्रावर. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की बाळंतिणीकडे डोक्यावर इरलं घेऊन चिखलातून पाड्यापाड्याला जायची. वसईची बोली तिने तिथेच कुठेतरी ओढ्यात सोडून दिली असावी, कारण मी ऐकलं तेव्हापासून ती आमच्यासारखंच बोलायची. पाड्यावरच्या बायका डॉक्टरसमोर गप्प बसत. ती त्यांना कोपराने ढोसून म्हणायची, “विचार गो. विचारलं तर तोंड झिजत नाय.” गोळी कशाची, टाके किती, पोर पिवळं का पडलं, सगळं विचारायला लावायची. आणि कोणालाही हात लावण्याआधी स्वतः विचारायची, “बघू का?” नुकत्या बाळंत झालेल्या बाईलाही, आणि कळत असो-नसो, बाळालाही.

काका तिला ‘सिस्टर’ म्हणत. उपकेंद्रात सगळे म्हणायचे तसं. घरीही तेच. ती त्यांना ‘गुरुजी’ म्हणायची. एकदा काका तिला न्यायला चर्चच्या दारात आले आणि आतल्या बाजूला तोंड करून त्यांनी “सिस्टर, चला” म्हटलं, तर मिशनच्या तिघी सिस्टर उठून उभ्या राहिल्या. काकू ते वर्षभर सांगत होती. तिच्या रविवारात काका कधी आडवे आले नाहीत. चपलांचे बंद तुटले तर आदल्या रात्रीच शिवून आणत. आणि पौर्णिमेला विहारात बुद्धवंदना असली की ती काकांशेजारी हात जोडून बसायची. ओठ हलवायची नाही. आमच्या आत्याने एकदा टोमणा मारला की सिस्टरला पाठ होत नाय वाटतं. काकू म्हणाली, पाठ आहे ताई, पण माझं नसलेलं मी माझं म्हणून बोलत नाय. मी त्या वाक्यातलं काहीच तेव्हा उचललं नाही.

१९९७ला मी अठराची होते. शहापूरला कॉलेजात, एका युवक संघटनेत, पिशवीत कायम पत्रकं. आजोबांकडून गावजेवणातल्या वेगळ्या पंगतीच्या गोष्टी ऐकलेल्या. कोणाला कुठल्या पंगतीला बसू देत नाहीत म्हटलं की माझं डोकं फिरायचं. आणि इथे माझ्या डोळ्यांसमोर दर रविवारी पंगत बसत होती, आणि माझी काकू, जिने अर्ध्या तालुक्याची पोरं जगात आणली, ती उपाशी मागे बसत होती. मला दुसरं काही दिसलंच नाही. मी तिला काही विचारलं नाही. संघटनेत ठरवतात तसं एकटीनेच ठरवलं की ईस्टरला ही बंदी मोडायची.

कृती सोपी होती. ईस्टरला गर्दी असते. खर्डीच्या रेल्वे क्वार्टरमधली कुटुंबं, पाड्यांवरची माणसं, मुंबईहून आलेले पाहुणे. मी रांगेत घुसले. पुढचा करतो तसं उजव्या हातावर डावा ठेवून तळवा पुढे केला. फादर नवे होते, तोंडओळख नव्हती. ते म्हणाले, “ख्रिस्ताचे शरीर.” मी म्हटलं, “आमेन.” चकती तळव्यावर पडली. लोक ती तिथल्या तिथे तोंडात घालतात. मी मूठ मिटली आणि सरळ शेवटच्या बाकाकडे आले. काकू डोळे मिटून होती. तिच्यासमोर मूठ उघडली आणि म्हटलं, “घे काकू. तुझ्या वाटचा आणलाय.”

तिचा चेहरा मला विसरता येत नाही. राग नव्हता. नाळ मानेभोवती गुंडाळलेलं पोर हाती आलं की ती जशी व्हायची, तशी ती झाली. एकदम शांत, आणि सगळं अंग त्या एका गोष्टीकडे. तिने चकतीला हात लावला नाही. माझ्या तळव्याखाली आपले दोन्ही तळवे धरले. म्हणाली, “हलू नको. पडू देऊ नको. चल माझ्याबरोबर.” आणि तशीच, माझा हात खालून तोलून धरत, ती मला मधल्या वाटेने वेदीकडे घेऊन निघाली. पंधरा वर्षांत ती त्या वाटेने चालली नव्हती.

अर्ध्यात अंकल आडवे आले. त्यांनी माझा तळवा पाहिला आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. ते म्हणाले, “पंधरा वर्षं पापात राहून मन भरलं नाय, आता बाहेरची पोर पाठवून देवाला चोरताय?” गाणं थांबलं. काकू फक्त म्हणाली, “वाट द्या. पडेल.” फादर स्वतःच खाली उतरून आले. त्यांनी माझ्या तळव्यावरची चकती उचलली, स्वतः खाल्ली, आणि वाटीभर पाणी मागवलं. मग माझा हात वाटीवर धरून त्यांनी तो नीट धुतला. बोटं, रेषा, सगळं.

माझा हात धुतला. बौद्धवाडीतल्या मुलीचा हात, भर सभेत, पाण्याने. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. हात हिसकावून घेतला आणि बाहेर पडले ती रस्त्यालाच.

काकूने मला पुलाच्या अलीकडे गाठलं. ऊन चढलं होतं, ती धापा टाकत होती. मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाटवलं, विटाळ, तुमचा देव, असं सगळं. तिने बोलू दिलं. मग तिने माझा तो हात हातात घेतला आणि विचारलं, मागे वळून पाहिलंस का, ते पाणी कुठं गेलं ते? मी पाहिलं नव्हतं.

“दाराशी जास्वंद आहे, तिच्या मुळात ओतलं फादरनी. मोरीत नाय टाकलं. तुझा हात बाटलेला म्हणून नाय धुतला गो. तुझ्या हाताला त्याचा कण राहिला असेल म्हणून धुतला. एक कणसुद्धा तोच असतो आमच्यात.”

म्हणजे ज्याला मी विटाळ समजले, तो उलटा होता. माझ्या तळव्यावर काहीतरी एवढं पवित्र होतं की त्याचं पाणीही वाया जाऊ द्यायचं नव्हतं. हे आज मला लिहिता येतं. त्या दिवशी मी फक्त हट्टाने म्हटलं की तुला पंगतीतून उठवतात आणि तू त्यांचीच बाजू घेतेस. ती म्हणाली, “मला कोणी उठवलं नाय. मीच बसते. ते शरीर आहे, खोटं तोंड घेऊन त्याच्याकडे जायचं नाय.” मी विचारलं, “खोटं काय आहे? काकांशी केलेलं लग्न खोटं आहे?” तिने माझा हात सोडला आणि घराकडे चालू लागली. पंधरा वर्षं ती नेमकी त्या प्रश्नावर बसून होती, आणि मी तो रस्त्यात फेकला होता.

मी घरी जाऊन जे करता येत होतं तेच केलं. पत्रक लिहिलं. ‘प्रसादाच्या पंगतीतली बंदी उठवा’ असं मथळ्यात, खाली काकूचं पूर्ण नाव. पुढच्या रविवारी चर्चच्या दारात वाटायचं होतं. काकूने ते उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, “माझ्या नावानं लिहिलंस. मला विचारलंस?” एवढंच. ते पत्रक वाटलं गेलं नाही. त्यानंतर मी असंख्य पत्रकं लिहिली. त्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय एकही छापायला दिलं नाही.

तीन-चार दिवसांनी फादर स्वतःच सापगावला आले, मोटारसायकलवर. ते मंगळूरकडचे; मराठी मुरबाडच्या पाड्यांवर शिकलेले, त्यामुळे प्रवचनातसुद्धा ‘नाय’ आणि ‘आमी’. आधी काकूची माफी मागितली, अंकलच्या वतीने आणि स्वतःच्या. मग माझी. मी माफी घेतली नाही, पाणी आणून दिलं. चहा पिता पिता त्यांनी काकांना विचारलं, इतकी वर्षं तुमी चर्चमधल्या लग्नासाठी अर्ज का नाय केला? काका म्हणाले, “फादर, मला पुन्हा धर्म बदलायचा नाय.” फादरांनी कप खाली ठेवला. “तुमाला बदला म्हणून सांगितलं कोणी?”

काकू जमिनीकडे पाहत होती.

मग फादरांनी सांगितलं. नवरा बौद्ध राहू शकतो. बिशपांची परवानगी लागते. काकूने आपली श्रद्धा सोडणार नाही असं वचन द्यायचं, मुलं झाली तर त्यांना आपल्या धर्मात वाढवायला जमेल तेवढं करीन असंही. काकांना ते फक्त ठाऊक असायला हवं, त्यांनी वचन द्यायचं नसतं. काका-काकूंना मूल नव्हतं, म्हणून त्या अटीवर कोणी बोललं नाही. असतं तर मी भांडले असते, आजही भांडेन. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की रस्ता पहिल्या दिवसापासून होता. दारातल्या एका माणसाने त्याच्या गावी ऐकलेलं अर्धवट तिला सांगितलं, आणि नंतर आलेल्या प्रत्येक फादरांनी तिला मागे बसलेलं पाहून आधीच्यांनी विचारलंच असेल असं समजून घेतलं. आणि काकू, जी साऱ्या पाड्यांना विचारायला शिकवत फिरली, ती स्वतःसाठी एकदाही विचारायला गेली नाही. फादर गेल्यावर ती म्हणाली, “लाज वाटली गो. नाय म्हणाले असते तर मागचा बाकसुद्धा गेला असता.”

आता अडले काका. परवानगी आली तरी वेदीपुढे उभं राहून पुन्हा ‘हो’ म्हणायचं होतं. ते म्हणाले, म्हणजे पंधरा वर्षं आमी काय घर-घर खेळत होतो? मला ते शंभर टक्के पटलं आणि मी त्यांना आणखी चढवलं. आठवडाभर काका शाळेच्या वह्यांत डोकं घालून बसले. काकूने एका शब्दाने आग्रह केला नाही. पौर्णिमा आली. विहारातून परत येताना काकाच म्हणाले, “सिस्टर, तुमी माझ्या वंदनेला बसता, आणि खोटं बोलत नाय. मी तुमच्याकडे उभा राहीन. पण रजिस्टरचा दाखला खिशात ठेवून.” काकू रस्त्यातच हसायला लागली. बराच वेळ हसत होती.

परवानगीला पाऊस संपेपर्यंत वेळ लागला. भात कापणीला आलं होतं तेव्हा एका शनिवारी दुपारी ते झालं. चर्चमध्ये फादर, मिशनच्या एक सिस्टर आणि आम्ही तिघं. साक्षीदार म्हणून सिस्टरांनी आणि मी सह्या केल्या. काकांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशातून ब्याऐंशी सालचा दाखला अर्धा बाहेर दिसत होता. फादरांनी तो पाहिला आणि म्हणाले, असू द्या गुरुजी, तो पण खराच आहे. त्याआधी काकू फादरांपुढे पापांची कबुली द्यायला गेली होती. पंधरा वर्षांचं असेल म्हणून मी घड्याळ लावून बसले. सात-आठ मिनिटांत बाहेर आली, नाक पुसत.

दुसऱ्या दिवशी रविवार. रांग सुरू झाली तशी ती उठली आणि अडली. कुठून रांगेत शिरायचं, तिला आठवेना. सगळ्यांना जाऊ देत राहिली आणि सगळ्यात शेवटी उभी राहिली. काका बाकावर ताठ बसून होते, वर्गात परीक्षा चालू असल्यासारखे. तिने प्रसाद घेतला आणि परत येऊन त्याच शेवटच्या बाकावर बसली. पुढे ये म्हणून सिस्टरांनी खूण केली. तिने मानेनेच नको म्हटलं. येताना मी विचारलं, कसा लागतो? ती म्हणाली, “चव नाय गो त्याला. टाळूला चिकटतो.” आणि मग पूर्ण रस्ता ती गुणगुणत चालत होती. तिला गाता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या अंकलनी माफी मागितली नाही. तेही आता नाहीत.

काकूला पुढची नऊ वर्षं मिळाली. शेवटची काही खर्डीच्या उपकेंद्रात गेली, मग आजारपणात सापगावला. २००६च्या पावसाळ्यात तिला गिळणं जड झालं. फादर घरी प्रसाद घेऊन यायचे. काका स्टुलावर पांढरं कापड घालायचे, मेणबत्ती लावायचे, आणि शेजारी बुद्धाची तसबीर आहे ती चालेल ना, असं दर वेळी विचारायचे. फादर दर वेळी चालेल म्हणायचे. शेवटच्या दिवशी फादरांनी दाण्याएवढा तुकडा चमच्यातल्या पाण्यात ठेवला. काकांनी तिची मान उचलून धरली. ती गिळेपर्यंत ते जराही हलले नाहीत. संध्याकाळी ती गेली.

चर्चचे नियम मला आजही सगळे पटत नाहीत आणि पटवून घ्यायची इच्छाही नाही. पण ती ज्याच्यासाठी मागे बसली आणि ज्याच्यासाठी पुढे गेली, त्याची टिंगल माझ्यासमोर कोणी करायची नाही. आणि नऊ वर्षांच्या आधीची पंधरा वर्षं नियमांनी खाल्ली नाहीत. ती खाल्ली अर्धवट सांगणाऱ्यांनी आणि पाहून न विचारणाऱ्यांनी.

तेव्हा तुम्ही चर्चला जाणारे असाल, तर येत्या रविवारी रांगेतून परत येताना नुसती मान खाली घालून येऊ नका. जागेवरून कोण उठलं नाही, ते बघा. मिस्सा संपली की तिला बाहेर गाठा. उपदेश करू नका, लग्नाची चौकशी करू नका, आणि मी केलं तसलं काही चुकूनही करू नका. एवढंच सांगा की यातून रस्ता असू शकतो, नवऱ्याला धर्म बदलावा लागेलच असं नाही, आणि तुमची तयारी असेल तर फादरांकडे मी तुमच्याबरोबर येते. ती हो म्हणाली, तर त्याच दिवशी जा.